शनिवार संध्याकाळची एक खोली

गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या विश्वस्त मंडळाकडे एक अर्ज आला. ज्यांच्या घरात कोणी दारूच्या आहारी गेले आहे अशा घरच्या माणसांचा, म्हणजे बायका, आई-वडील, भावंडे यांचा, एक गट आहे. त्यांना दर शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ एक वर्ग हवा आहे. बाके ते स्वतः सरकवतील, जाताना केर काढून जातील आणि भाडेही देतील. फुकट नको, असे त्यांनी अर्जातच लिहिले आहे.

पालक सभेत हा विषय निघाला तेव्हा सभागृहात चुळबुळ झाली. शाळेच्या आवारात दारुडे येणार का, असे एका ताईंनी विचारले. मुलांवर काय संस्कार होतील, शाळेचे नाव काय राहील, असे आणखी दोघांनी विचारले. मग एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते म्हणाले, "अहो, गुजरातेत दारूबंदी आहे. त्यात आपण बडोद्याची मराठी मंडळी. आपल्यात असला प्रकार आहे कुठे?" यावर बऱ्याच माना डोलल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मी मान डोलावली नाही, पण उठून बोललेही नाही. घरी गेल्यावर त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्यात आहे. माझ्या माहेरी आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, वीस वर्षे प्यायला. हे मी त्याची, वहिनीची आणि भाच्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे. दादाने लेख वाचून एवढेच म्हटले की वर्षे कमी लिहिली आहेस.

दादा एका खासगी कंपनीत हिशेबनीस होता. अक्षर मोत्यासारखे, गणेशोत्सवाचा जमाखर्च दरवर्षी त्याच्याकडे. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग शनिवारी, मग रोज. दारूबंदीच्या राज्यात दारू मिळते का हा प्रश्न बाहेरच्या पाहुण्यांनी विचारावा. दुकान नाही एवढाच काय तो फरक. एक फोन केला की माणूस घरी आणून देत असे, तेही उधारीवर. गरिबाला पोटली मिळते, आणि ती त्याच्या जिवावर बेतते. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, २०२२ च्या जुलैत बोटादकडे चाळीसहून अधिक. दारूबंदी असावी की नसावी हा वाद मला इथे घालायचा नाही. मला एवढेच सांगायचे आहे की कायद्याने दुकाने बंद झाली, तरी ज्या घरात दारू शिरली त्या घराची दारे-खिडक्याही आतून बंद झाल्या. मुंबई-पुण्याच्या बाईला शेजारणीपुढे डोळे पुसता येतात. आमच्या वहिनीला वाटे, बोललो तर अब्रू जाईल आणि पोलीसही येतील. म्हणून ती कोणाशी बोलली नाही.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खोटे बोलायला सुरुवात केली. दादा सकाळी उठू शकला नाही की वहिनी ऑफिसात फोन करून ताप आल्याचे सांगायची. आई शेजारी सांगायची की त्याला पित्ताचा त्रास आहे. उधारी थकली तेव्हा मी माझ्या दोन पाटल्या गहाण टाकून ती फेडली आणि यजमानांना सांगितले की भाच्याच्या क्लासची फी भरली. त्या वेळी मला वाटले, मी भावाचा संसार वाचवला. आज कळते की मी फक्त त्या माणसाची उधारीची वही कोरी करून दिली. पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा भरू लागली.

सगळ्यात वाईट गोष्ट मी केली ती शिक्षिका म्हणून. भाचा याच शाळेत होता, सहावीत. रात्री घरात आरडाओरडा झाला की तो झोपत नसे आणि सकाळी शाळेला येत नसे. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला द्यायची चिठ्ठी वहिनी मला लिहायला सांगे, कारण माझे मराठी चांगले. "काल पोटात दुखत असल्याने..." अशा किती चिठ्ठ्या मी लिहिल्या असतील! वर्षभरात त्या मुलाचे पोट, दात, कान, पाय, सगळे दुखून झाले. ती चिठ्ठी तो स्वतः घेऊन यायचा आणि बाईंनी विचारले तर माझेच वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवायचा. मी त्याच इमारतीत, दोन वर्ग सोडून, मुलांना नेहमी खरे बोलावे हा पाठ शिकवत असे.

तो आता सव्वीस वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत त्याने मला सांगितले, "आत्या, बाबा पितात हे मला माहीत होतं, त्याचं एवढं काही नव्हतं. पण ते मला माहीत नाही असं तुम्ही सगळे समजायचात, आणि मला तसंच वागावं लागायचं. त्याने मी दमून जायचो."

दारू हा माझा धंदा नव्हे, पण नाटक हे आपल्या सगळ्यांचे वेड आहे, म्हणून थोडे त्याबद्दल. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात झाला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीकडून. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, गेले होते. बालगंधर्व सिंधू झाले होते. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या नाटकाच्या आठवणी आजी-पणजीपासून चालत आल्या आहेत, आणि त्या सगळ्या सिंधूच्या आहेत. ती माहेरच्या श्रीमंतीकडे पाठ फिरवते, दळण दळते, मार खाते, मूल गमावते आणि मरतानाही नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. शंभर वर्षे आपण तिच्यासाठी रडलो आणि लेकीबाळींना तिचे उदाहरण दिले. माझ्या आईने वहिनीला दिले होते, मी ऐकले आहे. पण नाटक नीट पाहिले तर सिंधूच्या त्या सोसण्याने सुधाकर सुधारतो का? नाही. गडकऱ्यांनी कोणालाच वाचवलेले नाही.

त्याच नाटकात आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो. सोडून कामासाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो. ते त्याला उभे करत नाहीत, अपमान करतात, आणि तो परत प्याल्याकडे वळतो. पालक सभेतल्या माना डोलताना पाहून मला हीच जागा आठवली. तीही प्रतिष्ठित मंडळीच होती.

आता थोडे आजाराविषयी, कारण हा आजार आहे हे आमच्या घराला फार उशिरा कळले. दादा शपथा घ्यायचा आणि मोडायचा. आम्ही म्हणायचो, मनाचा कच्चा आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले की आता बास. त्याने देवापुढे हात ठेवला, आम्ही त्याला माडीवरच्या खोलीत ठेवले आणि बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि तो वहिनीला ओळखेना. रिक्षातून इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन. एवढी साधी गोष्ट आमच्या चार पदवीधरांच्या घरात कोणाला माहीत नव्हती. माहीत कशी असणार? विचारायचे कोणाला?

असाच दुसरा प्रकार म्हणजे चहातून गुपचूप औषध. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आईने एका ओळखीच्या बाईंकडून पुड्या आणल्या होत्या. त्यात काय होते देव जाणे. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. त्याला नकळत असे काही चारणे म्हणजे त्याच्याशी जुगार खेळणे आहे.

मग घरच्यांनी करायचे काय? मला जे समजले ते शहाणपणाने नव्हे, ठेचा खाऊन समजले. वहिनीने एक दिवस ऑफिसला फोन करायचे बंद केले. दादा नऊ वाजता अंथरुणात होता, फोन वाजत होता, ती पोळ्या लाटत बसली. सासूबाई उचलायला निघाल्या तेव्हा म्हणाली, "आई, त्यांचा फोन आहे, त्यांना घेऊ द्या." मला ती त्या दिवशी फार निष्ठुर वाटली. पण साहेबांशी पहिल्यांदा दादाला स्वतः बोलावे लागले आणि महिन्याभरात तो डॉक्टरकडे यायला तयार झाला. मीही सांगितले की उधारी फेडणार नाही, औषधाचे पैसे मात्र देईन, दुकानात जाऊन मीच देईन. प्यालेल्या अवस्थेत त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे आम्ही ठरवले. बोलायचे ते सकाळी, चहाच्या वेळी, जुनी उणीदुणी न काढता. हात उचलला तर घर सोडून माझ्याकडे यायचे, हेही ठरले. एकदा वहिनी तशी आलीही, मुलाला घेऊन, रात्री साडेअकराला. सोसत राहा असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

या गोष्टी वहिनी कोणाकडून शिकली? अशाच एका गटाकडून. ती चार वर्षे दर आठवड्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका चर्चच्या खोलीत जायची. आम्हाला सांगायची, भजनाला जाते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. नवरे सभेत बसायचे आणि बाहेर थांबलेल्या बायका एकमेकींशी बोलायच्या. त्यातून लोइस विल्सन यांनी एका मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी अल-अनॉन सुरू केली. सभेत फक्त पहिले नाव सांगायचे. फी नाही, व्याख्यान नाही, धर्माची अट नाही. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. तिथे वहिनीला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितले की तुझ्यामुळे हे झालेले नाही आणि तुझ्याने ते बरेही होणार नाही, तू आधी जेव आणि झोप. वहिनी सांगते की ते ऐकून ती त्या खोलीत पाऊण तास नुसती रडली आणि कोणी तिला गप्प केले नाही.

आपल्याकडे, मराठीत, हे काम पुण्यात १९८६ पासून चालू आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. तिथेही सुरुवातीपासून रुग्णाइतकाच घरच्यांचा विचार केला गेला. पुण्याला जाऊन राहणे प्रत्येकाला जमत नाही, आणि जमले तरी परत यायचे ते बडोद्यालाच, त्याच गल्लीत, त्याच फोन नंबरांत.

कारण परत येणे हाच खरा कठीण भाग. दादा पहिल्यांदा बरा होऊन आला तेव्हा आईने पेढे वाटले. सात महिन्यांनी एका लग्नात कोणीतरी पेला हातात दिला, "एकाने काय होतं?" त्या रात्री आम्हाला वाटले, सगळे वाया गेले. डॉक्टर म्हणाले, मधुमेह्याची साखर वाढली तर तुम्ही उपचार सोडता का? असे एकूण तीनदा झाले. शेवटचा पेला घेतल्याला आता सहा वर्षे होतील. तो स्वतः कधी "सुटलो" म्हणत नाही, "आज नाही घेतली" म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला मला वेळ लागला. अजूनही त्याला यायला उशीर झाला की माझी नजर आधी त्याच्या पावलांकडे जाते. हे त्याला दिसते. तो काही बोलत नाही.

आता सभेतल्या आक्षेपांकडे येते. दारुडे येणार का, तर नाही. अर्ज घरच्यांच्या गटाचा आहे. येतील त्या आपल्यासारख्याच बायका, एखादे वडील, एखादा भाऊ, हातात भाजीची पिशवी घेऊन. मुलांवर काय संस्कार होतील? शनिवारी सात वाजता शाळेत मुले नसतात. आणि असती, तरी त्यांना काय दिसले असते? माणसे बसून हळू आवाजात बोलत आहेत, एवढेच. रात्री अकरा वाजता घरात जे दिसते त्यापेक्षा ते बरे. शाळेच्या नावाचे म्हणाल, तर चर्चच्या खोलीत गट भरला म्हणून त्या चर्चचे नाव गेल्याचे ऐकिवात नाही. आमच्या वहिनीला मात्र मराठीत बोलता येईल अशी खोली हवी होती. मनातले इंग्रजीत नाही हो सांगता येत.

"आपल्यात कुठे आहे" याबद्दल एक आकडा देते. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे कोणतेही उपचार मिळाले असे सांगणारा १ निघाला. बाकीचे ३७ कुठे आहेत? दार लावून बसलेल्या घरांत आहेत. पोलिसांची भीती वाटणाऱ्यांसाठी हेही सांगते की डॉक्टरकडे जाणे हा गुन्हा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या दुरुपयोगातून येणारे मनोविकार धरलेले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मदतीचे क्रमांक आहेत. नाव सांगावे लागेल या भीतीने थांबू नका, आधी नुसते विचारा.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण हे अंक घरी नेण्याआधी स्वतः वाचता, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. घरात कोणी पीत असेल तर ते तुमच्या मार्कांमुळे नाही, तुमच्या दंग्यामुळे नाही. बाटली लपवणे, ओतून देणे, मोठ्यांच्या मध्ये पडणे हे तुमचे काम नाही. भीती वाटली तर शेजारच्या काकूंकडे, आजीकडे जा. शाळेत कोणातरी बाईंना किंवा सरांना सांगा. गृहपाठ का झाला नाही याचे खरे कारण मला सांगितलेत तर मी शिक्षा करणार नाही, आणि वर्गात वाच्यताही करणार नाही. पोट दुखल्याच्या चिठ्ठ्या मला ओळखता येतात. मीच त्या लिहीत होते.

माननीय विश्वस्तांना माझी विनंती अशी. सहा महिन्यांसाठी तरी खोली द्यावी. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाला रस्त्याकडून वेगळे दार आहे, त्यामुळे मुख्य फाटक उघडावे लागणार नाही आणि येणाऱ्यांनाही सगळ्यांसमोरून यावे लागणार नाही. बाहेर फलक लावू नये, तशी त्यांचीही इच्छा नाही. भाडे नाकारू नये, कमी घ्यावे. आपण पैसे देऊन बसलो आहोत, उपकारावर नाही, असे वाटणे त्या माणसांना फार गरजेचे असते. शिपाईदादांना शनिवारी थांबावे लागू नये म्हणून किल्ली मी ठेवीन. शाळेपासून माझे घर चार मिनिटांवर आहे. साडेसहाला दार उघडीन, पंखे लावीन, माठात पाणी आहे ना ते पाहीन आणि निघून जाईन. वहिनी म्हणाली आहे, पहिल्या शनिवारी ती येईल, आणि या वेळी घरी भजनाला जाते म्हणून सांगणार नाही.